माझा डेंग्यू

८ सप्टेंबर, सोमवार

आळीत डेंग्यू निघाला. वकिलांच्या राजनंदिनीला. कॉलेजातली पोरगी. सकाळपासून वकिलांच्या दारात मोटारसायकलींची रांग, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात सफरचंदांची पिशवी. एकानं तर किवी आणलं. किवी! माळेगावात!

मीही बघायला गेलो. रिकाम्या हातानं, कारण आजारी माणसाकडं सारखी फळं नेऊ नयेत असं माझं मत आहे. पोरगी उशीला टेकून मोबाईल बघत होती आणि भोवती मोठमोठी माणसं हात बांधून उभी. वकील सगळ्यांना प्लेटलेटचा आकडा सांगत होते. आवाजात काळजी कमी, ऐट जास्त. मला कोणी बसा म्हणालं नाही. वीट आला.

माझा सगळा जन्म साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून गेला. कधी आजारपणाची रजा घेतली नाही. रिटायर होताना शाल मिळाली, ती टोचते. आजारी न पडणाऱ्या माणसाला या देशात किंमत नाही.

येताना गटार बघितलं. वर हिरवी साय, सायीवर कुणाच्या तरी घरचा उरलेला भात. शी. शेजारच्या नईमच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानामागं एक जुना कूलर पडलाय, त्यात पाणी. आळीतला डेंग्यू तिथूनच उठला याबद्दल माझी खात्री आहे. नईमला तसं तोंडावर सांगितलं. तर म्हणतो, "आप्पा, त्यो कूलर तुमचाच हाय की. उन्हाळ्यात ठिवला, नेतो नेतो म्हनलाव, नेलाच न्हाय." विषय बदलणारी माणसं मला आवडत नाहीत.

संकल्प: डेंग्यूचा संपूर्ण अभ्यास करायचा. आळीला कोणीतरी जाणकार हवा.

९ सप्टेंबर, मंगळवार

अभ्यास झाला. मोबाईलवर सगळं आहे. एकदम चढणारा ताप, डोकं, डोळ्यांच्या मागं दुखणं, हाडं मोडल्यासारखी होणं, अंगावर लाल पुरळ. म्हणूनच त्याला हाडमोड्या ताप म्हणतात. त्यात असंही लिहिलंय की हा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. पटत नाही. दारात एवढं गटार असताना डास स्वच्छ पाण्यात कशाला तडफडेल? लिहिणाऱ्यानं आमचं गटार बघितलेलं दिसत नाही.

दुपारी वाचता वाचता डोळ्यांच्या मागं काहीतरी आहे असं वाटलं.

संध्याकाळी शिंका. नाक गळायला लागलं. डेंग्यूत सहसा नाक गळत नाही असं वाचलं, पण 'सहसा' हा शब्द महत्त्वाचा आहे. ताप मोजला, नव्व्याण्णवच्या आत. थर्मामीटर चायना आहे.

हिला, म्हणजे आमच्या लीलाबाईंना, सांगितलं की मला बहुधा डेंग्यू आहे. तिच्या हातातला तवाच खाली आला. "आगं बया, आता वं?" म्हणाली. मनाला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं नीट ऐकून घेतलं.

कारखान्याच्या रिटायर्ड लोकांच्या ग्रुपवर कळवलं. एकाचा अंगठा आला. दुसऱ्यानं गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ पाठवलं, तेही संध्याकाळी. थू.

१० सप्टेंबर, बुधवार

टेस्ट. चौकातल्या लॅबवाल्या लखनकडं. डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर कशाला करताय, सर्दी दिसतीय, असं तो म्हणत होता. मी म्हणालो, तू रक्त काढ, अक्कल काढू नकोस.

त्याच्याकडं एक पांढरी पट्टी असते, साबणाच्या वडीएवढी. त्यात रक्ताचा थेंब टाकतात. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर डेंग्यू. ताप आल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत ही तपासणी उपयोगी, नंतर दुसरी करतात, हे मी त्यालाच समजावून सांगितलं. तो जांभई देत होता. टेबलावर वापरलेला कापूस तसाच. किळस आली.

लखन म्हणाला, "आप्पा, येकच रेघ हाय. म्हंजी न्हाय."

पट्टी उन्हात नेऊन तिरकी धरली. दुसरी रेघ आहे. फिकट आहे, पण आहे. लखनला दाखवली, त्याच्या शेजारच्या चहावाल्यालाही दाखवली. दोघांनाही दिसली नाही. या गावात चष्म्याचा कॅम्प घ्यायला पाहिजे.

हिनं विचारलं, काय निघालं? म्हणालो, सुरुवात आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

पपईच्या पानांचा रस प्लेटलेटला चांगला असं ग्रुपवर आलंय. (डॉक्टर लोक नाही म्हणतात, पण त्यांचं पोट त्यावरच आहे.) ही सकाळीच पिंपळीला तिच्या मावसभावाच्या रानात जाऊन पानं घेऊन आली. जाताना वडापची जीप मिळाली, येताना मिळाली नाही म्हणून चालत आली. पानं वाटून रस दिला. कारखान्याच्या मळीची आठवण झाली. एक घोट पोटात, बाकीचा मोरीत. हिला सांगितलं, सगळा प्यालो.

दुपारी ही म्हणाली, डोकं लय ठणकतंय. उन्हात चालायची सवय राहिली नाही बायकांना.

माझं नाक चालूच. अशक्तपणा तर इतका की टीव्हीचा रिमोट तिलाच आणायला सांगितला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सर्व्हेसाठी आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या. नकोशीताई नाव त्यांचं. दारातूनच विचारलं, घरात कुणाला ताप हाय का? मी त्यांना आत बसवलं आणि पहिल्या शिंकेपासून सगळं सांगितलं. बाई मधेमधे म्हणत होत्या, बरं, आणि घरात आणखी कुणाला? मी म्हणालो, आधी माझं पूर्ण होऊ द्या. ही मागं दारात उभी होती, अंगावर माझी शाल घेऊन. तीच ती टोचणारी. सप्टेंबरात शाल! तापाचा पेशंट मी, आणि पांघरूण हिच्या अंगावर.

मग नकोशीताईंनी पाणी बघितलं. मोरीतल्या ड्रममध्ये बॅटरी मारली आणि मला बोलावलं. आत बारीक किडे वळवळत होते, स्वल्पविरामासारखे. म्हणाल्या, डासांच्या अळ्या हायत, आठवड्याला येकदा ड्रम कोरडा करून घासायचा. मी म्हणालो, पाणी एक दिवसाआड येतं, ओतून देऊ? आणि या अळ्या गटारातल्या असणार, आत चढल्या असणार. त्यांनी दारावर खडूनं काहीतरी लिहिलं आणि गेल्या. इज्जतदार माणसाच्या दारावर खडू!

नंतर हिनं ड्रम आडवा केला आणि आत डोकं घालून घासत बसली. मधेच भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहिली. मी म्हणालो, एवढी घाई नव्हती. तर म्हणते, "तुमाला आदीच डेंगू, आन् ही घान घरात नगं."

ती अक्कल उशिरा आली, पण आली.

१३ सप्टेंबर, शनिवार

भाजीत मीठ नाही. भाकरी एका बाजूनं करपलेली. चहा मागितला तर थंड. आजारी माणसाचे घरात काय हाल होतात ते कोणाला सांगायचं!

कहर म्हणजे ही दिवसा झोपली. लग्न झाल्यापासून हिला दिवसा आडवं झालेलं बघितलं नाही. हात लावला तर अंग भाजत होतं. म्हणाली, "हाडं मोडल्यागत झाल्यात. डोळं फिरवलं तरी दुकत्यात." मंगळवारी मी तिला मोठ्यानं हाडमोड्या ताप वाचून दाखवला होता. तिथूनच उचललेलं आहे. बायका ऐकून ऐकून आजारी पडतात.

तरी माझं मन मोठं. माझ्या गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्या आहेत, भारीतल्या, त्यातली एक दिली, रात्रीसाठी आणखी एक काढून ठेवली. माझ्या औषधातलं औषध दिलं, हे इथं नमूद करून ठेवतो.

१४ सप्टेंबर, रविवार

कोणीही बघायला आलं नाही. पितृपक्ष आहे म्हणून येत नसतील.

नईमची बायको समिना आली, पण हिच्याकडं. आत जाऊन बसली, डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. बाहेर येऊन मला म्हणाली, "आप्पा, काकूंला दवाखान्यात न्या की. लय ताप हाय." मी म्हणालो, घरात एका वेळी एकच पेशंट परवडतो. मी गमतीनं म्हणालो. ती हसली नाही. विनोदबुद्धी कमी झालीय लोकांची.

संकल्प: उद्या बारामती. मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. मला.

१५ सप्टेंबर, सोमवार

बारामतीला गेलो. डॉ. वृषाली म्हणून आहेत, एम.डी. वेटिंग हॉलमध्ये खोकणारी, ओकणारी, नखं खाणारी माणसं. एकजण केळ्याची साल खिडकीतून बाहेर टाकायला गेला, ती माझ्या पायावर पडली. शी शी.

डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, छाती तपासली, म्हणाल्या, साधी सर्दी आहे, ती पण ओसरतीये. मी आग्रह धरला तेव्हा टेस्ट लिहून दिली. निगेटिव्ह. प्लेटलेट भरपूर. इतक्या भरपूर की मला संशय आला.

उठताना त्यांनी विचारलं, घरात अजून कोणाला ताप? म्हणालो, मिसेसला आहे थोडा, पण तो माझ्या काळजीचा आहे. मग बाईंनी पेनच खाली ठेवलं. कधीपासून? अंगदुखी? उलट्या? गोळी कोणती दिली? मी अभिमानानं गुडघ्याच्या गोळीचं नाव सांगितलं. बाईंचा चेहराच बदलला. "ती गोळी परत द्यायची नाही. त्यानं रक्तस्राव वाढतो. साधी तापाची गोळी द्या, पाणी भरपूर पाजा, आणि त्यांना आजच्या आज घेऊन या. ताप उतरला तरी आणा. या आजारात खरा धोका ताप उतरल्यावर असतो."

प्रॅक्टिस अशीच वाढवतात. एक पेशंट आला की त्याच्याकडून दुसरा मागायचा.

घरी आल्यावर हिला सांगितलं, डॉक्टर तुला पण आणा म्हणत होत्या. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमचं आदी निस्तरू द्या." समजूतदार आहे. मी फार आग्रह केला नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

हिचा ताप उतरला. आपोआप. कपाळ गार. सांगितलं होतं ना! डॉक्टरकडं नेलं असतं तर त्यांनी श्रेय घेतलं असतं.

आता फक्त किरकोळ तक्रारी. दंडावर, पोटऱ्यांवर लाल ठिपके. फोडणी उडाली असणार. मिश्री लावताना हिरड्यांतून रक्त आलं. मिश्री सोड म्हणून लग्नापासून सांगतोय, ऐकणार कोण. पोटात दुखतंय म्हणते, सकाळपासून काही खाल्लं नाही, खाल्लं नाही तर दुखणारच. दोनदा ओकली. मोरीतून तो वास घरभर. मला स्वतःला मळमळायला लागलं, हे नव्यानं निघालेलं लक्षण लिहून ठेवतो.

आता माझ्याकडं लक्ष द्यायला मोकळीक झाली. माळेगावचा लॅबवाला आंधळा, बारामतीची मशिन बिघडलेली. उद्या इंदापूर. तिथं आमची लेक सुप्रिया आहे, तिच्या घराजवळच मोठी लॅब आहे. आता ती दुसरी टेस्ट, अँटीबॉडीची, करायची वेळ झाली आहे. पहिली निसटते, दुसरीत सापडतो.

झोपताना ही म्हणाली, "उद्या जाऊ नगा." असं कधी म्हणत नाही. का विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय. जीव घाबरा हुतोय." मी समजूत घातली, घाबरू नको, मी लवकर पॉझिटिव्ह येईन.

१७ सप्टेंबर, बुधवार
(बारामती. दवाखान्याचा पॅसेज. इथं डेटॉलचा वास आहे आणि त्याच्या खाली दुसरा.)

क्रमानं लिहितो.

सकाळी निघालो तेव्हा ही भिंतीला टेकून बसली होती. चहा केला नव्हता. तुझं बरं आहे ना विचारलं, मान हलवली. हात धरून उठवायला गेलो तर हात गार आणि ओलसर, मासळीसारखा. माझा हात धोतराला पुसला.

इंदापूरला पोचलो, रक्त दिलं. पोरीकडं गेलो. सुप्रियानं दार उघडल्या उघडल्या विचारलं, "आई कशी हाय?" माझं कसं आहे हे नाही. म्हणालो, तिला काय धाड भरलीय, ताप उतरलाय, नुसतं पोट दुखतंय. पोरीनं मला पाणी पण दिलं नाही, फोन लावला. आई उचलेना. पुन्हा लावला. मग समिनाला लावला.

समिना रिक्षात होती. मला पलीकडून तिचा आवाज येत होता, रडल्यासारखा. डबा द्यायला गेली तर ही ओट्यावर पडलेली. नाकातून रक्त, ओठ पांढरे, हाक मारली तर डोळे उघडायची आणि परत मिटायची. नईमनं दुकान उघडं टाकलं, हिला तसंच उचलून रिक्षात घातलं आणि बारामतीला चालले होते.

सुप्रिया फोन ठेवून माझ्याकडं वळली. म्हणाली, "आप्पा, तुमी तिला येकटीला सोडून रक्त तपासायला आलाव?" मी म्हणालो, रिपोर्ट तासाभरात मिळणार आहे. हे मी का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही.

जावयांची गाडी. मी मागं बसलो. निमगाव केतकीला तोंड कोरडं पडलं म्हणून म्हणालो, जरा चहा घेऊ का? गाडी थांबली नाही. गाडीत कसला तरी उग्र वास होता, सेंटचा. सगळा रस्ता तोंडावर रुमाल धरून बसलो.

इथं आलो तर तीच डॉक्टरीणबाई. हिला आत घेतलं होतं. सलाईन दोन्ही हातांना. बाई बाहेर आल्या आणि मला ओळखलं. मला वाटलं, बोलतील. फक्त विचारलं, ताप नेमका कधी चढला होता? माझ्या तोंडून निघालं, मंगळवारी संध्याकाळी, नव्व्याण्णवच्या आत.

"तुमचा नव्हे," बाई म्हणाल्या. "यांचा."

मी आठवायला लागलो. ती पानं आणायला गेली होती तो दिवस की ड्रम घासला तो दिवस. समिनानं सांगितलं. लघवी कधी झाली होती, ते पण तिनंच सांगितलं.

डेंग्यू पॉझिटिव्ह. पट्टीवर दोन रेघा, तिरकी न धरता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रक्तातलं पाणी बाहेर झिरपलं, रक्त घट्ट झालं, बीपी खाली गेलं, असं बाई सांगत होत्या. प्लेटलेट वकिलांच्या पोरीपेक्षा कितीतरी कमी. वकील भेटले असते तर सांगितलं असतं. मग वाटलं, नको.

आतला माणूस दर थोड्या वेळानं बाहेर येतो, नातेवाईक कोण म्हणतो. मी उठेपर्यंत सुप्रिया गेलेली असते.

दुपारी गाव लोटलं. माळेगाव, पिंपळी, कोऱ्हाळ्याची तिची माहेरची माणसं. सफरचंदं. मी पॅसेजमधल्या एकुलत्या एका खुर्चीत बसलो होतो. येणारा प्रत्येकजण माझ्याकडं बघत होता आणि पुढं जात होता. तिचा थोरला भाऊ तात्या माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "दाजी, जरा उटा. म्हातारीला बसू द्या." त्यांची आई, नव्वदीची. उठलो. नंतर मला कोणी खुर्ची दिली नाही. दिवसभर उभा.

दवाखान्याच्या मोरीत गेलो. कोणीतरी पान थुंकलंय, त्यावर कोणीतरी ओकलंय. तिथंच उभा राहिलो बराच वेळ. बाहेर यायचं धाडस होईना. घाण असली तरी तिथं कोणी मला काही विचारत नव्हतं.

बाईंना गाठून म्हणालो, माझ्याही काही टेस्ट राहिल्यात. त्या म्हणाल्या, "काका, तुमची तब्येत ठणठणीत आहे. त्यांच्या गोळीबद्दल मी तुम्हाला सोमवारी सांगितलं होतं. त्यानंतर दिली?"

नाही म्हणालो. ते खरं आहे. त्याआधी मात्र तिसरीही दिली होती. ती इथं लिहायची राहिली होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बीपी धरलं. लघवी झाली. एवढी आनंदाची बातमी आयुष्यात कधी लघवीची असेल असं वाटलं नव्हतं. नईम पॅसेजमध्ये नमाज पढून उठला होता, त्यानं माझा हात धरला. हाताला तांब्याच्या तारेचा वास. मला त्या वासाची नेहमी शिसारी येते. हात सोडला नाही.

त्याला म्हणालो, कूलर मी उद्याच नेतो. म्हणाला, "आप्पा, कवाच भंगारात दिला त्यो."

इंदापूरच्या लॅबचा मेसेज आलाय. उघडला नाही. बॅटरी कमी आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

आत सोडलं, पाच मिनिटं. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली काळं, हातावर सुया काढलेल्या जागी निळे डाग. मी भरभरून बोलायचं ठरवून गेलो होतो. ऐनवेळी म्हणालो, इथं डास नाहीत, बरं आहे. तिनं मान हलवली. तिचे ओठ फुटले होते. पाण्याचा ग्लास धरला. निम्मं तिच्या गळ्यावर सांडलं. नर्सनं ग्लास माझ्या हातातून काढून घेतला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. हिला घरी सोडलं. म्हणजे इंदापूरला, सुप्रियाच्या घरी. मी पण पिशवी भरून तयार होतो, पेशंटला सोबत हवी म्हणून. सुप्रिया म्हणाली, "तुमी ऱ्हावा घरी, आप्पा. तिला इसावा मिळू द्या." गाडीत जागा होती. मागची सगळी सीट मोकळी होती. मी दार लावून दिलं.

घरी आलो. कुलूप उघडलं तर कोंदट. मोरीत तिनं ओकलेल्या जागी माश्या. ते तसंच होतं इतके दिवस. मी घासलं. ओकारी आली, तरी घासलं. दोनदा. हे कोणाला सांगायचं म्हणून लिहीत नाही. फिनेल संपलं आहे, म्हणून लिहितो.

२४ सप्टेंबर, बुधवार

तिचा फोन. आवाज अजून बारीक. मी आधीच ठरवलं होतं की तिनं काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं. गोळीबद्दल. इंदापूरबद्दल. पाठ करून ठेवलं होतं.

तिनं विचारलं, "तुमच्या त्या रिपोर्टचं काय झालं वं?"

म्हणालो, निगेटिव्ह.

"देव पावला," म्हणाली. "मला तितं मशिनी लावल्या हुत्या ना, तवा सारकं त्येच मनात. मी हितं पडले, आन् ह्यांचा डेंगू वाढला तर ह्यांला कोन बघनार."

मी पाठ केलेलं एकही वाक्य त्याला लागू पडेना. 

जेवलाव का विचारलं. हो म्हणालो. "खोटं बोलू नगा," म्हणाली, "समिनाला सांगितलंया म्या." आणि फोन चालू असतानाच दारात समिना, हातात डबा. वांगं आणि भाकरी. भाकरी अजून गरम होती.

तिला तिथं अंथरुणात पडल्या पडल्या हे सगळं सुचतं. आणि इथं माझ्यासारख्या धडधाकट माणसाला

वरचा 'धडधाकट' शब्द खोडायला घेतला होता. राहू दिला.